गाडीचा इंटरव्ह्यू

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, माझ्यापुरती. गाडी घ्यायचं ठरलं आहे. जुनी, पण शास्त्रशुद्ध निवड करून. गल्लीबोळातले लोक जुन्या गाड्या घेतात आणि मग वर्षभर गॅरेजच्या बाकावर बसतात, तसं नाही.

कारण हिची बढती. आमची ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर काचेवर रक्ताचे थेंब पसरायचे आणि एक डोळा मिटून बघत बसायचं. आता शहराबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलने लॅबची मुख्य म्हणून बोलावलं आहे. १ डिसेंबरला हजर व्हायचं. ड्यूटी सकाळी सहाला, आणि तिकडे जाणारी पहिली बस सुटतेच सहानंतर. शिवाय प्रोबेशन. उशिरा आलात तर घरी बसा, असं त्यांनी तोंडावर सांगितलंय. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही.

ही जागा हिच्या हातून आधी दोनदा निसटली आहे. बोलून दाखवत नाही, पण परवापासून भांडी घासताना गुणगुणते.

म्हणाली, भाऊला सोबत घ्या, त्याला गाड्यांतलं कळतं. भाऊ म्हणजे माझा मेहुणा. तलावावर पोरांना पोहायला शिकवतो. याला गाड्यांतलं कळतं! रस्त्यात कोणाचं बॉनेट उघडं दिसलं की डोकं घालायचं, एवढीच याची पदवी. मी शांतपणे सांगितलं की निवड हे माझं क्षेत्र आहे. कंपनीच्या पर्सोनेल खात्यात इतकी वर्षं मी झोपा काढत नाहीये. माणूस दारातून खुर्चीपर्यंत येईतो मी त्याला ओळखलेला असतो.

ही म्हणाली, गाडी खुर्चीत बसत नाही. हिला विनोद कधी करावा ते कळत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पद्धत पक्की केली. गाडी बघायचीच नाही. मालक बघायचा! लोखंडाला काय कळतंय? मालक जसा, तशी गाडी. म्हणजे इंटरव्ह्यू मालकाचा घ्यायचा. शंभर मार्क. पेहराव, नजर, कॉन्फिडन्स, बोलणं, पूर्वतयारी, वीस-वीस. गाडीला वेगळे मार्क ठेवलेले नाहीत, गरज नाही.

हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटतं.

(मी निवडलेला स्टोअरकीपर माल घेऊन पळाला, हे मेहुणा दर वेळी उकरून काढतो. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं.)

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला कॅन्डिडेट. निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल. गाडी छोटी, करडी, वयस्कर. अगदी बाईंसारखी.

अहो, काय ते इंटरव्ह्यूला बसणं! मी विचारायच्या आधीच बाईंनी सुरुवात केली. एसी बंद आहे. मागची डावी काच अर्ध्यावर अडकते, हाताने ओढून वर घ्यावी लागते. हॉर्नचा घसा बसलाय. दुसरा गिअर टाकताना थोडी समजूत घालावी लागते. बंपरवरचा पोचा शाळेच्या फाटकाचा, आणि चूक फाटकाची नव्हती. इंटरव्ह्यूत मी सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्यातला एक दोष सांगा. हुशार माणूस सांगतो, साहेब, मी जरा जास्तच मेहनत करतो. बाईंनी न विचारता पाच दोष काढून दिले. वर्गात धडा वाचल्यासारखे.

शेवटी मीच विचारलं, हिच्यात चांगलं काय आहे ते तरी सांगा. बाई म्हणाल्या, रोज सकाळी चालू होते.

बस्स. एवढंच. चालू होते म्हणे! गाडी आहे, चालू होणारच. घड्याळ विकताना काटे फिरतात म्हणून कोणी सांगतं का?

तेवढ्यात हिने बॉनेट उघडायला लावलं. ती ऑइल बघायची सळई असते ती उपसली, पर्समधल्या टिश्यूवर थेंब टिपला आणि उन्हात धरून बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या दारात जाऊन असं कोणी करतं? म्हणते, काळं आहे पण कचकच नाही. मग दोघींनी चहा घेतला आणि माझा विषय निघाल्यासारखं हसल्या.

परत येताना ही म्हणाली, हीच घेऊ या. मी म्हटलं, निर्णय भावनेच्या भरात होत नसतात. शंभरपैकी एकतीस. रिजेक्ट. बाई म्हणाल्या, त्यांना घाई नाही, गाडी चांगल्या हातात जावी एवढंच. कसली घाई? घेणार कोण आहे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

मेहुणा टपकला. जेवायच्या वेळेलाच. दोनदा वाढून घेतलं आणि फुकटचा सल्ला दिला. भाऊजी, म्हणे, गाडी सकाळी बघायला जा, इंजिन गार असताना चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर समजा गडबड आहे. आणि पायाखालचं कार्पेट उचलून बघा. मागे नदीचं पाणी वस्तीत शिरलं होतं ना, त्यात बुडालेल्या गाड्या पुसून-पासून बाजारात आल्यात.

पोहायला शिकवणाऱ्याला सगळीकडे पाणीच दिसणार.

लोकांच्या घरी भल्या सकाळी जाऊन कार्पेटं उचलायची! संस्कार म्हणून काही असतात. ही मात्र मान डोलावत होती. भाऊ बोलला की हिची मान आपोआप हलते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी ड्रायव्हिंगचा सराव. लायसन्स माझंही आहे, हिचंही आहे, माझा हात फक्त जरा गंजलाय. मागच्या वेळी उसनी आणलेली गाडी सोसायटीच्या फाटकाला लागली तेव्हा फाटक चुकीच्या बाजूला उघडं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थंडी फार. सराव उद्यापासून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसच्या खुर्चीत बसून टेबलाखाली क्लच दाबण्याचा सराव केला. उत्तम जमतंय. डस्टबिन दोनदा कलंडली, ते ब्रेक समजायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सापडला! हिरा सापडला!

सकाळी दोन कॅन्डिडेट निकालात काढले. एकाने बनियनवर दार उघडलं, मी उंबऱ्यावरूनच परत फिरलो. दुसरा बोलताना डोकं खाजवत होता. असल्या माणसाच्या गाडीत मी बसेन? छे.

मग हे सद्गृहस्थ. दुसरं नाव सुचत नाही, सद्गृहस्थच. फाटकापर्यंत घ्यायला आले. बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश. पहिल्या वाक्यापासून सर. आमच्या ऑफिसात कोण म्हणतं मला सर? शिपाईसुद्धा अहो म्हणून हाक मारतो.

गाडी पांढरी, चकचकीत. बॉनेटवर हात ठेवला तर गरम! म्हणाले, सर, तुमचा वेळ मोलाचा, म्हणून आधीच चालू करून ठेवली होती. याला म्हणतात पूर्वतयारी. वीसपैकी वीस. मेहुण्याला हे ऐकवलं पाहिजे.

मीही काही आंधळा नाही, बारकाईने पाहिलं. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याचे बारीक थेंब. म्हणजे गाडी आतूनसुद्धा धुतात. आमच्याकडे लोक बाहेरून धूत नाहीत. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक वाळू, म्हणजे बायकोमुलांना समुद्रावर नेणारा कुटुंबवत्सल माणूस. मीटर बघितला तर गाडी फारच थोडी चाललेली. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यापुरतीच काढतात म्हणे. पण पेडलची रबरं मात्र झिजून गुळगुळीत. एवढ्याशा वापरात एवढी झिजली, म्हणजे ब्रेक किती मनापासून दाबत असतील! जबाबदार स्वभाव.

आत अत्तरासारखा घमघमाट. चक्कर मारली तेव्हा गाणी मोठ्याने चालू होती, आवाज कमी करायचं बटण जरा अडकतं. इंजिनचा आवाज अजिबात आला नाही. इतकं शांत इंजिन मी जन्मात पाहिलं नाही.

मग माझा ठेवणीतला प्रश्न टाकला. तुमच्यातला एक दोष सांगा. सद्गृहस्थांनी लांबवर बघितलं. म्हणाले, सर, एकच. मी वस्तूंवर फार जीव लावतो. ही गेली की मला दोन दिवस जेवण जाणार नाही.

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन कापले, नाहीतर डोक्यात जातं.

हिची ड्यूटी होती, म्हणून सोबत नव्हती. मी बघितल्याशिवाय शब्द देऊ नका, असं चारचारदा बजावून गेली होती. मी शब्द अजिबात दिला नाही. फक्त विसार दिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नियम म्हणजे नियम. रेफरन्स घेतले. सद्गृहस्थांनी दोन नंबर दिले होते. एक शेजारी, दुसरे त्यांचे पूर्वीचे साहेब. दोघांनीही तोंड भरून स्तुती केली, आणि गंमत म्हणजे अगदी त्याच शब्दांत. याला एकवाक्यता म्हणतात. दोघांनाही खोकला होता. साथ आहे वाटतं.

आमच्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांना लेकीसाठी गाडी हवीच होती. सद्गृहस्थांकडे पाहुण्यांची अजून एक आहे म्हणे, तो नंबर दिला. वर सांगितलं की सेल्समध्ये जागा रिकामी आहे, असा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळणार नाही. साहेब म्हणाले, तुमच्या शब्दावर घेतो.

पुढच्या वर्षी मॅनेजर. लिहून ठेवतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हिने विचारलं, गाडी बघायला कधी जायचं. सांगून टाकलं. हिचा एकच प्रश्न. ऑइल बघितलंत? मी म्हटलं, माणूस बघितला.

मग मात्र कडाडली. म्हणाली, लॅबमध्ये मी पेशंटचा चेहरा बघून रिपोर्ट लिहीत नाही. दोनदा ही जागा हुकली, तेव्हा निदान दोष दुसऱ्यांचा होता. तिसऱ्यांदा तुमच्या हट्टापायी हुकली तर तुमचं तोंड बघणार नाही, सांगून ठेवते.

बायकांना बढती झेपत नाही. चिडचिड होते. विसार परत मागा म्हणाली. मी सद्गृहस्थांना फोन लावलाही होता. पण ते म्हणाले, सर, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण मी त्याला सांगितलं, शब्द म्हणजे शब्द. आता अशा माणसाकडे विसार परत कुठल्या तोंडाने मागणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार

गाडी आली! सद्गृहस्थ स्वतः चालवत घेऊन आले, फाटकात उभी केली, उरलेले पैसे घेतले आणि इंजिन चालू ठेवूनच निघाले. बंद करू नका लगेच, म्हणाले. तिला जाणवेल. किती हळवा माणूस!

वर-खाली सगळ्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, पांढरी शुभ्र आहे हो.

वायपर आपोआप चालू झाले. पाऊस नाही, काही नाही. ऑटोमॅटिक! सद्गृहस्थांनी हे सांगितलंसुद्धा नव्हतं. विनय म्हणतात तो हा.

ही खाली आली, एक फेरी मारली, वाकून वास घेतला आणि वर गेली. अभिनंदन नाही, काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चालू झाली नाही. नवी जागा, नवी माणसं, पहिल्या दिवशी कोणीही बुजतं. दुपारी उन्हात झाली.

अत्तर उडून गेलंय. आता ओला टॉवेल बादलीत विसरल्यासारखा वास येतो. आणि डावीकडे वळवली की हॉर्न वाजतो. उजवीकडे नाही. सावधगिरीची सूचना असावी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मेहुणा आला. मी नको नको म्हणत असताना कार्पेट उचललं. खाली वाळलेला चिखल. आणि एक गोगलगाय. वाळलेली.

मेहुण्याने गोगलगाय तळहातावर घेतली आणि माझ्या हातात ठेवली. मग जिन्यात जाऊन हसत बसला. त्याचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं. तळमजल्याच्या काकूंनी दार उघडून विचारलं, काय झालं, तर त्यांनाही सांगितलं मेल्याने.

गोगलगाय बागेतही असते. सद्गृहस्थांना बागेची आवड असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सद्गृहस्थांचा फोन बंद. मीटिंगमध्ये असतील. शेजाऱ्याचाही बंद. पूर्वीच्या साहेबांचाही बंद. सगळे एकाच मीटिंगमध्ये दिसतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लेकीची गाडी भर चौकात बसली. चारही दारं आतून लॉक. तिला खिडकीतून काढावं लागलं. तुमचा तो हिरा कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, साहेब, घाईने मत बनवू नये, प्रत्येकाला प्रोबेशन दिलं पाहिजे. साहेब म्हणाले, तुम्हालाच देतोय.

सोमवारपासून इंटरव्ह्यूचं काम दुसऱ्याकडे. मी ओळखपत्रांचे फोटो काढायचे. चेहऱ्यांचंच काम, म्हणजे क्षेत्र तेच.

हिला सांगितलं नाही. तिला आधीच टेन्शन आहे.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी

ही म्हणाली उद्या हजर व्हायचंय, आज रंगीत तालीम करू. पहाटे पाचला खाली उतरलो. ही नवा पांढरा कोट हातावर घेऊन तयार. किल्ली फिरवली. वायपर चालू झाले. हॉर्न वाजला. इंजिन नाही.

मी ढकलली. एकट्याने. पाठीतून कळ निघाली. काकूंचे यजमान धावले, दूधवाला धावला. फाटकापर्यंत गेली आणि फाटकाला लागली. पुन्हा तेच फाटक.

ही जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली. आवाज न करता, कोट मांडीवर घेऊन. मी हिला असं एकदाच पाहिलंय, मागे ही जागा हुकली तेव्हा. मला गलबलून आलं. काहीतरी बोलावं म्हणून शेजारी बसलो. बोलणार काय? थंडीनेही डोळ्यांत पाणी येतं, असं काहीतरी बोललो. बोलायला नको होतं बहुधा.

ही उठली, तोंड धुतलं, आणि कोणाला तरी फोन लावला. भूगोलाच्या बाईंना! एवढ्या पहाटे! आणि बाई जाग्या होत्या. गाडी अजून होती. हिने भावाला बोलावलं आणि दोघं गेली. मी म्हटलं, थांबा, बोलणी करायला मी येतो. ही म्हणाली, बोलणी करायचीच नाहीयेत.

दुपारी

करडी गाडी फाटकाबाहेर उभी आहे. पांढरी आत, फाटकाला नाक लावून. हिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली. मला विचारलं नाही. म्हणे, कसं विचारणार, तुम्ही या गाडीला एकतीस मार्क दिले होते.

संकल्प: उद्यापासून कमी बोलायचं.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी, बसस्टॉपवर

पहाटे बोटं गारठली होती. हिने किल्ली फिरवली. चालू झाली. पहिल्याच झटक्यात. कौतुक काय त्यात?

ही चालवायला, मेहुणा रस्ता दाखवायला पुढे. मला मागे डावीकडे बसवलं, जाता जाता माझ्या बसस्टॉपवर सोडायला. काच अर्ध्यावर अडकलेली. ओढून पाहिली, येईना. सगळा गार वारा कानात. काच अडकते हे बाईंनी सांगितलं होतं, मान्य. पण वारा इतका लागतो हे कुठे सांगितलं? म्हणजे एक दोष लपवलाच ना. शेवटी माणूस ओळखला होता मी. एकतीससुद्धा जास्तच होते.

हे मी मोठ्याने बोललो असणार. कारण ही रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाली, इतकी वर्षं सगळ्यांना विचारता, आज मी विचारते. तुमच्यातला एक दोष सांगा.

मी मनापासून विचार केला. अगदी मनापासून. एक चौक गेला, दुसरा गेला. मेहुण्याने मागे वळून पाहिलं. दुसरा गिअर कुरकुरत होता. शेवटी खरं तेच सांगितलं. म्हटलं, एकच. मी माणसांवर फार विश्वास ठेवतो.

गाडी थांबली. हिने खाली उतरून माझ्या बाजूचं दार उघडून दिलं. उशीर होतोय म्हणाली, उतरा. आवाज शांत होता. उतरलो. करडी गाडी भुर्रकन निघून गेली. आत्ता सहाला वेळ आहे, ही आरामात पोचेल.

माझीही पहिली बस सहानंतर. बाकडं ओलं आहे. आणि माझा स्टॉप हा नाही, पुढचा होता.